तांदळातला हिरवा उजेड

मी मुळातच भित्री आहे. घरात म्हणतात, हिला आधी भीती वाटते आणि कारण मागून येतं. गॅस बंद केला की नाही हे बघायला मी नालवाडीच्या फाट्यावरून किती वेळा परत आले असेन, त्याची गणती नाही. भाऊ चिडवतो, "भित्यापाठी ब्रह्मराक्षस, अन् हिच्यापाठी पावसाळा." पावसाळ्याचं मात्र त्याचं खरं आहे. ज्या भुकटीवर माझी गेली काही वर्षं गेली, ती पावसाळ्यात विझते.

मी वर्ध्याच्या एका कॉलेजात संशोधन करते. म्हणजे भुकटी तयार करते. मँगनीज आणि ब्रोमीनचा एक क्षार, त्यात एक सेंद्रिय रेणू गुंफलेला. दिवसा बघितली तर फिकट पिवळसर, कोणी लक्षही देणार नाही अशी. पण अंधारात तिच्यावर नोटा तपासायचा जांभळा टॉर्च मारला की ती अशी हिरवीगार पेटते की पहिल्यांदा बघणारा माणूस हात मागे घेतो. असे उजळणारे पदार्थ आधी शिसं घालून करत. शिशाचे फार सुंदर उजळतात, पण शिसं हे विष. मातीत गेलं, पाण्यात गेलं की शेवटी पोरांच्या मेंदूत जातं. म्हणून जगभर लोक शिसं वगळून तसाच उजेड मिळतो का ते शोधतायत. कोणी कथिल घेतं, ते हवेनेच बिघडतं. मी मँगनीज घेतलं, तर ते पाणी पितं. हवेतली ओल भुकटीत शिरली, मँगनीजला चिकटून बसली, की उजेड गेला. तापवली की ओल निघून जाते आणि उजेड परत येतो, पण दर खेपेला थोडा कमी. तो जाऊच नये, एवढंच माझं काम. माझे सर म्हणतात, "वर्ध्याच्या आषाढात टिकला तो उजेड. बाकी सगळे कागदावरचे."

घरी मी हे सगळं सांगितलेलं होतं. आई चुलीपाशी बसून ऐकायची, हो आता गॅस आहे, पण ती अजून चुलीपाशीच बसल्यासारखी बसते. माझं बोलणं तिने तिच्या परीने गाळून घेतलं होतं. तिच्यापाशी दोनच गोष्टी उरल्या होत्या. एक, तिच्या पोरीच्या भुकटीत शिसं नाही. दुसरी, तिला ओल चालत नाही. वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, संध्याकाळी बुद्धविहारात ग्रंथवाचन असतं, तिथे बायकांना ती कौतुकाने सांगायची, "माह्या पोरीचं बिनविषारी हाय." मी एकदा म्हटलं, अगं आई, शिसं नाही एवढंच म्हणाले मी. ती म्हणाली, "तेच तं."

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. दोन दिवसांनी मला भुकटी घेऊन नागपूरला जायचं होतं. तिथल्या यंत्रावर तिचा उजेड मोजून घ्यायचा होता आणि ती वेळ मोठ्या मिनतवारीने मिळाली होती. कॉलेजातलं कोरडं ठेवायचं कपाट वीज गेल्यावर नुसतं कपाट राहतं, म्हणून मी कुपी घरी आणली. बोटभर उंचीची काचेची कुपी, झाकणावरून चिकट पट्टी गुंडाळलेली, आणि ती एका प्लास्टिकच्या डब्यात, ओल शोषणाऱ्या खड्यांच्या पुड्यांसोबत. डबा मी आलमारीवर ठेवला आणि आईला बजावलं, "हात लावजो नको, पण पाह्यजो. ओल लागली तं माह्या वर्षाचं पाणी होईन."

आता आमच्या घरात ओलीवर एकच औषध आहे, तांदूळ. मिठाच्या बरणीत तांदळाचे दाणे असतात. भावाचा मोबाइल बादलीत पडला तेव्हा तोही तांदळात पुरला आणि तो चालूही झाला. आईचं माहेर अल्लीपूरचं, तिथे तिची आई बियाणाच्या मडक्यात तांदळाची पुरचुंडी ठेवायची म्हणे. हे सगळं मला माहीत होतं आणि तरी मी निश्चिंतपणे सकाळी कॉलेजात गेले. भाऊ समुद्रपूरला नोकरीला, तो पहाटेच्या बसने गेलेला. बाबा विहारात, पौर्णिमेची तयारी चालली होती. घरी आई, वहिनी आणि माझी भाची. ती पाच वर्षांची. नाक वाहत होतं म्हणून तिला शाळेत पाठवलं नव्हतं.

दुपारी परत आले तर जेवणं व्हायची होती, दोघी माझ्यासाठी थांबलेल्या. भाची तेवढी जेवून झोपली होती, आमच्याकडे लहानांना आधी वाढतात. मी हात धुतले आणि सहज आलमारीवरचा डबा उघडला. खड्यांच्या पुड्या जागेवर. कुपी नाही.

"आई, कुपी कुठी हाय?"

"तांदळाच्या पिंपात," आई आतूनच म्हणाली. आवाजात समाधान होतं. "तुह्या त्या खड्याईनं काय होते? डब्याले आतून घाम आलता. म्या सकाळीच ठेवली. झाकण काढून ठेवली."

"झाकण काढून?"

"मंग? झाकण लावल्यावर तांदूळ आतली ओल कशी ओढन? वरून फडकं बांधलं ना, लोणच्याच्या बरणीले बांधतो तसं."

तिचं बोलणं तिच्या जागी बिनचूक होतं. मला आजही त्यात चूक दाखवता येत नाही. मी पिंपाकडे धावले. हात घातला तर कुपी आडवी झालेली, मलमलचं फडकं एका बाजूने सुटलेलं, आणि आत, जिथे भुकटी गळ्यापर्यंत भरलेली होती, तिथे बुडाशी चिमूटभर. बाकीची तांदळात.

वहिनी दारात उभी होती. तिचा चेहरा बघून मला विचारावं लागलं नाही.

"ताई," ती म्हणाली, "आज याच तांदळाचा भात झाला."

मी मागच्या खोलीकडे पळाले. खाली अंथरुणावर पोरगी झोपलेली, तोंड उघडं, एक हात उशीखाली. ती नेहमी अशीच झोपते. पण ती नेहमी अशीच झोपते का, हे मला त्या क्षणी आठवेना. मी तिच्या नाकापाशी हात धरला. मग हलवलं. ती किरकिरली, डोळे उघडले आणि पुन्हा मिटले. ते मिटणं मला भयंकर वाटलं.

आई मिठाचं पाणी कालवायला लागली होती, पोरीला उलटी काढायला. मी तिच्या हातातला गिलास अक्षरशः हिसकावला आणि ओरडले, "काही देऊ नको तिले! काही नाई!" आईवर मी कधी ओरडत नाही असं नाही, तोंडाळ आहेच मी. पण असं ओरडले नव्हते. आई तिथेच थांबली, हात तसाच पुढे धरून.

आम्ही ऑटोने दवाखान्यात गेलो. मी कुपी रुमालात गुंडाळून घेतली होती. वाटेत वहिनी पोरीला एकसारखी बोलकी ठेवत होती. तुह्या शाळेत कोण हाय, बाईचं नाव काय, बस कोणत्या रंगाची. पोरगी चिडून उत्तरं देत होती. प्रत्येक उत्तराला माझा जीव जरा खाली यायचा आणि ती गप्प झाली की परत वर.

डॉक्टर माझ्याहून लहानच असावी. शांत होती. तिने पोरीचे डोळे पाहिले, नाडी पाहिली, पोट दाबलं, मग माझ्याकडे वळली.

"काय गेलंय पोटात?"

"मँगनीजचा क्षार आहे मॅडम. लेड-फ्री आहे. शिसं अजिबात नाही."

"शिसं नाही. मग काय आहे?"

मी नावं सांगितली. तिने लिहून घेतली. मग विचारलं, हे किती विषारी आहे, कोणी तपासलंय का, आणि किती गेलं असेल? आम्ही वर्षानुवर्षं या भुकटीचा रंग मोजतो, तेज मोजतो, ते किती टिकतं ते मोजतो. पेपरच्या पहिल्या वाक्यात 'बिनशिशाची, म्हणून सुरक्षित' असं लिहितो, सगळेच लिहितात. पण ती कोणाच्या ताटात गेली तर काय, हे निदान माझ्या भुकटीचं तरी कोणी पाहिलेलं नव्हतं. मला एवढं ठाऊक होतं की खाणीत वर्षानुवर्षं मँगनीजची धूळ घेणाऱ्यांचे हात कापायला लागतात, चाल बिघडते. एका जेवणाने तसं होत नाही, हेही वाचलं होतं. पण वाचलेलं त्या वेळी कामाला येत नाही. सेंद्रिय रेणूचं तर मला तेवढंही माहीत नव्हतं.

डॉक्टर म्हणाली, "आत्ता तरी ती ठीक दिसतेय. मी ठेवून घेते, रक्त पाठवते. पण गेलं की नाही गेलं, आणि गेलं तर किती, हे कळलं तर मला फार मदत होईल. बघता येईल तुम्हाला?"

बघता येईल. ते तर माझं कामच होतं.

वहिनीला तिथे ठेवून मी घरी आले. आई ओट्यापाशी तशीच उभी होती, गिलासातलं मीठ तळाशी बसलेलं. पातेल्यात भात उरला होता, आमच्या तिघींचा. पिंपात तांदूळ. मी मागच्या खोलीच्या खिडकीवर सतरंजी टाकली, दाराला गोधडी लावली आणि आईला म्हटलं, "चाल, माह्या पिशवीतला टॉर्च तू धर. मी तांदूळ पसरते."

परातीत तांदूळ पसरले, ताटलीत भात. जांभळा उजेड त्यावर फिरला. आईच्या पातळाची किनार निळी चमकली, धुण्याच्या पावडरीने कपडे तसे चमकतातच. तांदूळ काळे. भात काळा. एक कण हिरवा नाही.

"नाई ना व काही?" आई म्हणाली. "नाई दिसून राह्यलं. हो ना?"

माझाही जीव भांड्यात पडला. मी खाली बसले, भिंतीला टेकले आणि रडायच्या बेतात आले. आईने माझ्या डोक्यावर हात ठेवला, तसा तिच्या दुसऱ्या हातातला टॉर्च कलला आणि त्याचा उजेड जमिनीवर ठेवलेल्या कुपीवर पडला.

कुपीही काळी होती.

मला समजायला वेळ लागला, पण फार नाही. कुपीत तर भुकटी होती. डोळ्यांनी दिसत होती. तरी उजेड नव्हता. सकाळपासून उघडी, आषाढातली हवा, पिंप मोरीच्या भिंतीला लागून. पाणी प्यायली होती ती. विझली होती. म्हणजे तांदळात असली तरी दिसणार नव्हती. भातात असली तरी दिसणार नव्हती. इतका वेळ आम्ही दोघी ज्या अंधाराकडे बघून सुटलो म्हणत होतो, त्या अंधाराला काहीच अर्थ नव्हता.

मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात. मी आयुष्यभर नको नको ते चिंतत आले, पण हे माझ्याही मनात कधी आलं नव्हतं. ज्या विझण्याचे आलेख काढून मी पानं भरली, ते आमच्या घरात, आमच्या पोरीच्या ताटात येऊन बसलं होतं.

"काय झालं?" आई म्हणाली. "काऊन अशी पाह्यतं?"

मी सांगितलं. तिने एकदम टॉर्च बंद केला, जणू टॉर्चनेच काही केलं होतं. मग ती म्हणाली, "तूच म्हणतं ना, तापवली का येते परत?"

म्हणजे तिने तिसरी गोष्टही ऐकून ठेवली होती.

आम्ही स्वयंपाकघरात गेलो. खिडकी उघडी टाकली, नाकाला ओढण्या बांधल्या. जुन्या डब्यांची दोन झाकणं काढली, पुन्हा वापरणार नव्हतो अशी. एका झाकणावर पातेल्यातला भात पातळ पसरला. दुसऱ्यावरही तोच भात घेतला आणि त्यात कुपीतली भुकटी सुईच्या टोकाने जेमतेम टाकून बोटाने, पिशवी चढवलेल्या बोटाने, कालवली.

आईने माझा हात धरला. "आता काऊन टाकून राह्यली? आधीच काय कमी हाय?"

"आई, ऐक. भातात विरघळल्यावर ते तापवून परत उजळते का नाई, मलेच माहीत नाई. याच्यात म्या टाकलं हाय. हे उजळलं, तंच त्या दुसऱ्या भाताचा अंधार खरा. हे बी नाई उजळलं तं..."

आईने हात सोडला.

मंद आचेवर तवा, तव्यावर दोन्ही झाकणं. भात आधी वाफाळला, मग चिकटला, मग सुकून कुरकुरीत झाला. मुरमुऱ्यांसारखा वास सुटला. रोजचा, चांगला वास. मध्येच वहिनीचा फोन आला. मी घेतला नाही, घेववलाच नाही. मग आईने घेतला. वहिनी म्हणाली, पोरगी पाणी मागून राह्यली, डॉक्टर द्या म्हणाल्या. आणि, "ताईले सांगजा, म्या तांदूळ दोनदा धुतलते. दोनदा." हे ती मला सांगत होती की स्वतःला, कोण जाणे.

झाकणं चिमट्याने उचलून आम्ही मागच्या खोलीत आलो. मी गोधडी ओढली. आई म्हणाली, "तूच लाव." मी लावला.

माझ्या हाताने भुकटी कालवलेल्या भातावर हिरवा उजेड होता. फिका, ठिपक्याठिपक्यांचा, पण होता. शितांच्या कडेने, जिथे पाणी सुकलं तिथे. आणि शेजारच्या झाकणावर काही नव्हतं. मी टॉर्च जवळ नेला, लांब नेला, शितं उलटीपालटी केली. आईने डोकं माझ्या डोक्याला लावून पाहिलं. काही नाही. या वेळचा अंधार खरा होता.

मग तांदूळ कुठून वाचले, ते पाहिलं. वरचे, मधले, तळचे, असे थोडे थोडे तापवले. वरचे काळेच राहिले. तळचे असे उजळले की खोलीच्या भिंतीवर हिरवट छाया पडली. कुपी कलंडली, बारीक भुकटी दाण्यांतून झिरपत खाली गेली आणि वहिनीने तांदूळ घेतले ते वरून. तेही कुपीच्या पलीकडच्या बाजूने. एवढंच. कोणाची हुशारी नाही, कोणाचं पुण्य नाही. ओंजळ इकडून न घेता तिकडून घेतली.

मी वहिनीला फोन लावला, डॉक्टरशी बोलले. डॉक्टर म्हणाली, "छान. तरी आजची रात्र ठेवू." फोन ठेवून वळले तर आई पिंपाला टेकून खाली बसली होती.

"हे उद्याच्या खिरीचे तांदूळ होते," ती म्हणाली. "विहारात. उद्या म्या पिंप झाडून नेणार होती."

मी तिच्याजवळ बसले. तिच्या पायात मुंग्या आल्या असाव्यात, ती पाय चोळत राहिली. बाबा आले तेव्हाही आम्ही तशाच बसलो होतो.

भाची दुसऱ्या दिवशी घरी आली. रक्ताच्या तपासणीत काही निघालं नाही. भुकटी मिसळलेले तांदूळ मी बंद डब्यात भरून कॉलेजच्या रासायनिक कचऱ्यात दिले. नागपूरची वेळ हुकली, पुन्हा मिळाली, उजेड मोजून झाला. सरांनी पेपर लिहायला घेतला तेव्हा पहिलं वाक्य मी बदललं. 'बिनशिशाची' ठेवलं, 'म्हणून सुरक्षित' काढलं. सर म्हणाले, सगळे लिहितात. मी म्हटलं, लिहू द्या. विहारात कोणी आईला विचारलं, की पोरीची ती बिनविषारी भुकटी कुठपर्यंत आली, तर आई म्हणते, "शिसं नाई त्याच्यात. बाकीचं कोणाले माहीत?"

आता भाची पहिलीत आहे. संध्याकाळी ती ओसरीत पाटी घेऊन अक्षरं गिरवते आणि मी काही तरी काम काढून तिच्याजवळ बसते. तिचा हात बघते. 'अ'ची उभी रेघ खाली येताना थरथरते का, ते बघते. एवढ्या पोरांची रेघ वाकडीच यायची, हे मला कळतं. वरचे तांदूळ काळे होते, भात काळा होता, मी स्वतः पाहिलं आहे. तरी बघते. परवा असंच बघत असताना मान वर केली तर समोर दारात आई उभी होती. तीही पोरीच्या हाताकडेच बघत होती. आमची नजरानजर झाली, आणि ती आत गेली.